दौलताबादची खानेसुमारी

‘गाव करी ते राव न करी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती उच्चारताना आपल्या मनात गावकऱ्यांची एकजूट असते, क्वचित त्यांचा आडमुठेपणाही असतो. पण एखादा राव स्वतःच गाव करावयास निघाला तर काय होते, हाही प्रश्न त्या म्हणीच्या पोटात दडलेला आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आम्हांस फार लांब जावे लागत नाही. आमच्या शहरातील क्रांती चौकातून निघावे, बाबा पेट्रोलपंप, नगर नाका, छावणी, पडेगाव, मिटमिटा अशी वाट धरावी, म्हणजे सुमारे पंधरा किलोमीटरांवर एका तासलेल्या डोंगराच्या पायथ्याशी दौलताबाद नावाचे खेडे लागते. प्रवासी तेथे किल्ला पाहावयास जातात, आणि गाव न पाहताच परत येतात. त्यांस फारसा दोष देता येत नाही. किल्ला दोन कोसांवरून दिसतो, गाव मात्र जवळ गेल्यावरही शोधावे लागते.

हैदराबाद संस्थानात १९०१ साली जी खानेसुमारी झाली तीत या गावची वस्ती साडेतेराशेच्या आसपास भरली. त्याच वर्षी औरंगाबाद शहराची वस्ती, छावणी धरून, ३६,८३७ होती. २०११ च्या जनगणनेत हेच शहर ११,७५,११६ वर गेले. आणि दौलताबाद अजूनही काही हजारांची ग्रामपंचायतच आहे. या आकड्यांत विशेष ते काय, असे वाचकांस वाटेल. शहरे वाढतात आणि खेडी होती तशी राहतात, हे कोणास ठाऊक नाही? पण चारशे वर्षांमागे ही दोन नावे नेमकी उलट्या जागी होती. तेव्हा राजधानी होती ती दौलताबाद. आणि ज्या ठिकाणी आज क्रांती चौकाचा उड्डाणपूल वाहनांच्या ओझ्याने कण्हतो त्या परिसराला खडकी नावाच्या एका लहानशा खेड्यापलीकडे दुसरी ओळख नव्हती. तराजूची पारडी अशी वरखाली झाली, आणि दोन्ही पारड्यांत माणसेच होती.

माणसांचा आकडा ही मोठी फसवी वस्तू आहे. अमेरिकेत लहान गावांच्या वेशीवर गावाचे नाव आणि त्याखाली लोकसंख्या लिहिलेली पाटी लावण्याची चाल आहे. तेथील नेब्रास्का राज्यात मोनोवाय नावाचे एक गाव आहे. रेल्वेच्या आधाराने ते विसाव्या शतकाच्या आरंभी वसले, १९३० च्या सुमारास शे-दीडशे वस्तीचे झाले, आणि मग शेतीवरची माणसे शहराकडे निघून जाऊ लागली तसे ते ओसरत गेले. २०१० च्या जनगणनेत त्या गावात फक्त एक मनुष्य राहिले. ते म्हणजे एक वृद्ध विधवा बाई. याच बाई गावच्या महापौर, याच चिटणीस, याच खजिनदार, आणि गावातील एकुलत्या एका खाणावळीवजा मद्यगृहाच्या मालकीणही याच. मद्यविक्रीच्या परवान्यासाठी अर्ज करणार त्या आणि मंजूर करणारही त्याच! पतीने जमविलेली सुमारे पाच हजार पुस्तके त्यांनी एका लहान खोलीत मांडून त्यांचे ग्रंथालय केले. पुढे २०२० च्या जनगणनेत गावची लोकसंख्या दोन छापून आली. बाई म्हणाल्या, हा दुसरा इसम आम्हांस कोठे दिसत नाही. तेव्हा उलगडा झाला तो असा, की एकेका माणसाची खाजगी माहिती उघड होऊ नये म्हणून तेथील जनगणना खाते लहान गावांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी सरमिसळ करते, आणि त्या सरमिसळीतून हा अदृश्य शेजारी जन्मास आला. सरकारने कागदावर माणूस वसविला. गावात मात्र संध्याकाळी दिवा एकाच घरी लागत राहिला.

हा प्रकार वाचून आम्हांस हसू आले, आणि लगेच दौलताबादची आठवण झाली. कारण कागदावर माणसे वसविण्याचा आणि हुकुमाने गाव भरण्याचा जगातील एक प्रचंड प्रयोग याच डोंगराखाली झाला.

त्याआधीची वस्ती मात्र हुकुमाची नव्हती. यादव कुळातील पाचव्या भिल्लमाने ११८७ च्या सुमारास देवगिरी ही आपली राजधानी केली, आणि पुढील शंभर वर्षांत तेथे जे जमले ते आपल्या पायांनी जमले. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेव हा सिंघण यादवाच्या पदरी हिशेबखात्याचा अधिकारी होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. काश्मीरहून दक्षिणेत, तेही त्या काळच्या रस्त्यांनी, एक विद्वान कुटुंब येते आणि देवगिरीस घर करते, यावरून त्या नगराचा लौकिक किती दूरवर पोचला होता हे ध्यानी येते. हेमाद्री पंडिताचे करणही येथलेच. रामदेवरायाच्या राज्यात, १२९० साली, ज्ञानेश्वरी लिहिली गेली. आपल्या भाषेचा तो सोन्याचा काळ; आणि सोने पाहावयास कोण येईल याचा नेम नसतो. १२९६ साली अल्लाउद्दीन खलजी आला. किल्ल्यात घाईघाईने भरलेली पोती धान्याची म्हणून नेली आणि ती निघाली मिठाची, अशी कथा फिरिश्त्याने सांगितली आहे. ती खरी असो वा नसो, कोकणातून मीठ घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्यांची ये-जा देवगिरीच्या वेशीवर नित्याची होती एवढे तरी तिच्यात गृहीत धरलेले आहे. आम्हांस कथेतील हा भाग पराभवाइतकाच महत्त्वाचा वाटतो. मीठ तेथेच येते जेथे जेवणारी तोंडे असतात.

मग १३२७ साल उजाडले. महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीस हलवावयाची ठरविले आणि गावास दौलताबाद हे नाव दिले. या घटनेविषयी इंग्रजी शाळेच्या पुस्तकांतून आमच्या पिढीने जे शिकले ते एका वाक्यात असे, की एका वेड्या बादशहाने सारी दिल्ली उठवून दक्षिणेत हाकलली. पुढे इतिहासकारांनी बारकाईने शोध केला तेव्हा चित्र बरेच बदलले. दिल्लीत १३२७ आणि १३२८ या सालांचे संस्कृत शिलालेख सापडले आहेत, आणि ते उजाड नगरीतील लोकांचे नव्हेत. तेथील हिंदू व्यापारी आपापल्या घरी सुखाने नांदत होते असेच त्यांवरून दिसते. हलविले गेले ते मुख्यतः दरबारी, सरदार, उलेमा, सूफी संत, त्यांचे कुटुंबकबिले आणि त्यांच्या आश्रयाने जगणारे कारागीर. बादशहाचा हेतूही निव्वळ लहरीपणाचा नव्हता. दक्षिण ताब्यात ठेवावयाची तर राज्यकर्त्या वर्गाचे एक बिऱ्हाड येथे हवे, असा त्याचा हिशेब होता. हिशेब म्हणून तो चुकीचाही म्हणता येत नाही. पण हे ‘मुख्यतः’ आणि ‘निव्वळ’ वगैरे शब्द वापरून इतिहासकार जेव्हा प्रकरण सौम्य करतात तेव्हा आमचे मन थोडे अडखळते. संख्या लाखाची नसून काही हजारांचीच होती, एवढ्याने चाळीस दिवसांची वाट आखूड होत नाही.

चाळीस दिवसांची हे आमचे शब्द नव्हेत; मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने दिल्ली-दौलताबादचे अंतर तेवढे सांगितले आहे, आणि रस्ता दुतर्फा झाडांनी सजलेला होता असेही तो म्हणतो. दिल्लीत मागे राहिलेल्या एका लंगड्यास गोफणयंत्रातून फेकून दिले, आणि एका आंधळ्यास दौलताबादपर्यंत फरफटत आणले तो तेथे त्याचा केवळ एक पाय पोचला, ही भयंकर गोष्टही त्यानेच लिहून ठेवली आहे. इब्न बतूता दिल्लीस पोचला तो स्थलांतर होऊन काही वर्षे लोटल्यावर. म्हणजे ही गोष्ट त्याने ऐकलेली, पाहिलेली नव्हे. तिला अक्षरशः मानण्याचे कारण नाही. परंतु असल्या कथा लोकांच्या तोंडी उगाच येत नाहीत. ज्या प्रवासाची आठवण आंधळ्याच्या एका पायाच्या रूपाने उरते तो प्रवास करणाऱ्यांस काय वाटले असेल, हे त्या कथेत आहे. संशोधकांच्या टिपणांत ते नसते.

त्याच प्रवाशाने दौलताबादचे प्रत्यक्ष वर्णन केले आहे ते मात्र रसाळ आहे. नगराचे तीन भाग: बादशहा व त्याचे सैन्य यांसाठी दौलताबाद, दुसरा भाग कटक, आणि तिसरा देवगिरीचा बालेकिल्ला. गाणाऱ्यांचा एक स्वतंत्र बाजार, जवाहिराचे श्रीमंत हिंदू व्यापारी, वर्षातून दोनदा येणारी द्राक्षे व डाळिंबे. आणि किल्ल्यातील कैदखान्यात मांजरांहून मोठे उंदीर! या सगळ्यांत टिकले काय असेल तर फळबागा. द्राक्षांची जागा आज पेरू, सीताफळे आणि अंजिरांनी घेतली आहे, आणि सीताफळाच्या दिवसांत वेरूळच्या रस्त्यावर पाट्या मांडून बसलेल्या बाया त्या जवाहिऱ्यांच्या जागी आहेत. त्यांच्याशी घासाघीस करून पाहावी. जवाहिरे याहून कठीण नसावेत.

बादशहाचा प्रयोग आठ-दहा वर्षांतच बारगळला. ज्यांना परत जावयाचे होते त्यांना परवानगी मिळाली. १३४७ साली दौलताबादच्या अमिरांनीच बंड केले, त्यातून बहमनी राज्य निघाले, आणि त्या राज्याने राजधानी नेली ती गुलबर्ग्यास. वीस वर्षांत एक नगर हुकुमाने भरले, हुकुमाने रिकामे झाले, आणि ज्या माणसांच्या बळावर दक्षिण राखावयाची होती त्याच माणसांनी ती दिल्लीपासून तोडली. रावाने केलेल्या गावाचे हे फळ.

पण सगळेच परत गेले नाहीत, आणि आमच्या मते दौलताबादचा खरा इतिहास येथून सुरू होतो. राजधानी उठली की दरबारी उठतात; पाठीवर जग घेऊन आलेला कारागीर उठेलच असे नाही. दौलताबादहून खुलताबादेकडे जाताना कागजीपुरा नावाचे एक लहान गाव आहे. तुघलकाबरोबर आलेल्या कागद करणाऱ्यांनी ते वसविले अशी तेथील परंपरा सांगते. चिंध्या आणि रद्दी कुजवून, कुटून, चुन्याच्या पाण्यात स्वच्छ करून त्यांचा लगदा करावयाचा; तो हौदात ढवळून गवताच्या काड्यांच्या चाळणीवर अलगद उचलून घ्यावयाचा; ओले ताव गुळगुळीत भिंतीवर चिकटवून वाळवावयाचे; खळ लावून मग घोटीव दगडाने असे घासावयाचे की लेखणी त्यावरून न अडखळता पळावी. या कागदावर सनदा लिहिल्या गेल्या, कुराणाच्या प्रती लिहिल्या गेल्या. गिरणीच्या कागदाने हा धंदा बहुतेक बसविला, तरी हातकागद त्या गावी अजून होतो. ज्या राज्यकर्त्याने त्यांना आणले असे सांगतात त्याचे फर्मान कोठे शिल्लक नाही. फर्मान ज्यावर लिहावयाचे तो कागद करणारे हात मात्र राहिले.

सूफींचेही तसेच. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब या स्थलांतरात आले आणि १३३७ साली येथेच वारले. निजामुद्दीनांची संभाषणे टिपून ठेवणारा कवी अमीर हसन सिजझी हाही आला तो परत गेला नाही. त्यांच्या कबरींभोवती जे गाव वाढले तेच खुलताबाद. बुऱ्हानुद्दीन आणि त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्या नावांवरून खानदेशच्या फारुकी सुलतानांनी बुऱ्हाणपूर आणि जैनाबाद ही नगरे वसविली. एका स्मशानवजा खेड्याने एका भरभराटीच्या शहरास नाव पुरवावे, यात आम्हांस एक मजेदार न्याय दिसतो. पुढे तर खडकी वसविणारा मलिक अंबर, तिला औरंगाबाद हे नाव देणारा औरंगजेब, आणि हैदराबादच्या घराण्याचा मूळपुरुष पहिला आसफजाह, हे तिघेही शहरे मागे ठेवून निजावयास खुलताबादेसच आले.

आणि भाषा! दिल्लीकडून आलेली ती बोली येथल्या मराठीत मिसळली, तिच्याकडून शब्द घेतले, हेल घेतला, आणि पुढील शतकांत दखनी म्हणून साहित्याची भाषा झाली. आमच्या शहरातील रिक्षावाल्याच्या तोंडी आज जी रोकठोक बोली आहे तिचे एक मूळ त्या चाळीस दिवसांच्या वाटेवर आहे. मराठी माणसाने तिला हसावे आणि लखनौच्या माणसानेही हसावे, असे तिचे नशीब आहे. आमच्या कानाला मात्र ती गोड लागते.

दौलताबादचे दुसरे राजधानीपण निजामशाहीत आले. मलिक अंबराने १६१० च्या सुमारास निजामशहाचे तख्त येथे आणले. तट वाढविले, बाहेरचा तट अजून अंबरकोट म्हणून त्याचे नाव सांगतो. परंतु हा हबशी मुत्सद्दी इतर रावांहून वेगळा होता. त्याच वेळी खाम नदीकाठच्या खडकीत त्याने वस्ती मांडली, आणि माणसे आणण्याआधी पाण्याचा विचार केला. डोंगरातील पाणी जमिनीखालच्या नळांनी गावात आणणारी त्याची नहर हे आमच्या शहराचे खरे जातक आहे. मोगलांनी १६१६ साली खडकी जाळली. ती पुन्हा उभी राहिली. १६३३ साली महाबतखानाने उपासमार करून दौलताबाद घेतले. ते मात्र पुन्हा उभे राहिले नाही. औरंगजेब १६३६ साली दक्षिणेचा सुभेदार होऊन आला, आणि मोगली सुभ्याचा बाजार, कचेऱ्या, हवेल्या हळूहळू खडकीत गेल्या. डोंगर लढाईपुरता चांगला. नांदावयास सपाटी, पाणी आणि चारी दिशांचे रस्ते लागतात. देवगिरीच्या तटाच्या आत खापरी नळांनी पाणी खेळविण्याची उत्तम योजना होती, तिचे अवशेष अजून दिसतात. पण नदीकाठच्या मोकळ्या मैदानाशी डोंगराच्या कुशीतल्या नगराने किती दिवस टक्कर द्यावी?

शहरवासीयांनी यावरून फुगून जाऊ नये. १७६३ साली निजामअलीने राजधानी हैदराबादेस नेली, तेव्हा औरंगाबादवरही तीच पाळी आली. बावन्न दरवाजे आणि बावन्न पुरे मिरविणारे शहर १८८१ च्या खानेसुमारीत तीस हजारांवर येऊन टेकले होते. १८५७ साली येथल्या छावणीतील रिसाल्याने उठाव केला, आणि पकडलेल्या शिपायांना काळ्या चबुतऱ्याजवळ देहान्त शासन झाले. क्रांती चौकास ते नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. त्या दिवशी तो भाग गावाबाहेरचा मोकळा माळ होता. आज तेथे मधोमध छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. २०२२ साली तो नव्या उंच चौथऱ्यावर बसविला तेव्हा चौथऱ्यासह त्याची उंची बावन्न फूट झाली. भोवती सभा, मोर्चे, उपोषणे यांचा राबता असतो. २०२३ साली शहराचे नावही बदलून छत्रपती संभाजीनगर झाले. हे सगळे माणूसबळ विद्यापीठाने (१९५८), चिकलठाण्याच्या आणि मग वाळूजच्या कारखान्यांनी ओढून आणलेले आहे. देवगिरीस शार्ङ्गदेवाचे घराणे आले तसे हे आले आहेत: कोणी हाकलले म्हणून नव्हे, पोटासाठी आणि विद्येसाठी. अर्थात बीड-जालन्याच्या कोरडवाहू गावांतून दुष्काळात उठून वाळूजच्या खोल्यांत आलेल्यास ‘तू स्वखुशीने आलास ना?’ असे विचारण्याचे धैर्य आम्हांस होणार नाही.

आता दौलताबादच्या आजच्या रहिवाशाकडे वळू. त्याच्या घरासमोर जगप्रसिद्ध किल्ला आहे, आणि त्याच्या घरावर त्या किल्ल्याची सावली आहे, दोन्ही अर्थांनी. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरांपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगीवाचून काही करता येत नाही. कायदा वाईट नाही. तो नसता तर तटाचे दगड केव्हाच घरांच्या जोत्यांत गेले असते. पूर्वी थोडेफार गेलेही असतील. परंतु ज्या अंबरकोटाचा उद्देशच मुळी सामान्य रयतेस आसरा देण्याचा होता, त्याच्या आडोशास पिढ्यान् पिढ्या राहिलेल्यांच्या नातवाने मुलाच्या लग्नाआधी एक खोली वाढवावयाची म्हटले तर त्याला कागद घेऊन हिंडावे लागते. कोट रयतेसाठी बांधला, आणि आता रयत कोटासाठी जपून राहते. यावर तोडगा नाही असे नाही. गावठाणाची नीट मोजणी करून दुरुस्तीच्या परवानग्या गावातच, ठरलेल्या मुदतीत मिळतील अशी व्यवस्था झाली तरी पुष्कळ काम होईल. पण किल्ल्याच्या तिकिटांचा हिशेब ठेवणारे अनेक, आणि गावच्या घरांचा ठेवणारा कोणी नाही, असा हा मामला आहे.

२०२१ साली व्हावयाची जनगणना महासाथीमुळे लांबणीवर पडली. आपल्याकडील गणकाच्या प्रश्नावलीत जन्मस्थान विचारतात, पूर्वीचे वास्तव्य विचारतात, आणि ते सोडण्याचे कारणही विचारतात. कारणांची यादी तयार असते: नोकरी, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतर हलविले, कुटुंबासह आले, इतर. बायकांच्या बाबतीत सर्वांत अधिक खुणा ‘विवाह’ या शब्दावर पडतात. म्हणजे आपल्या देशातील सर्वांत मोठे स्थलांतर सासरच्या वाटेने होते, आणि त्यास कोणी इतिहासकार लाभलेला नाही. बुऱ्हानुद्दीन गरिबांच्या काफिल्यातील माणसे यांपैकी कोणत्या सदरात बसली असती, याचा आम्ही बराच विचार केला. ‘कुटुंबासह आले’ हे खरेच. ‘इतर’ हेही खरे. कागजीपुऱ्याच्या कारागिरास विचारले तर तो ‘व्यवसाय’ सांगेल, आणि त्याची बायको ‘विवाह’. गणक दोन्ही खुणा करील, कुटुंबातील डोकी मोजील, आणि पुढच्या घराची कडी वाजवील. उन्हाळ्याचे दिवस असले तर त्या घरी त्यास पाणी विचारतील, आणि सीताफळाचा हंगाम असला तर जाताना दोन फळेही हातावर ठेवतील.